काळ्या मातीचा जाणकार

१ जून
रिटायर होऊन महिना झाला. कृषी ऑफिसात तेवीस वर्षं माती परीक्षणाची कार्डं माझ्याच हातून गेली. शिक्का माझा. वाशीममध्ये माती माझ्याइतकी कोणाला कळत असेल असं वाटत नाही. घरासमोर लॉन करणार, कडेने चोवीस गुलाब. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर बाग होणार आहे. ऑक्टोबरात समिती घरोघरची अंगणं बघून बागेचा प्रमुख नेमणार. दुसरं नाव डोळ्यांसमोर येत नाही.

३ जून
लिलाने अंगणात हातभर खड्डा खणला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. विचारलं, तर म्हणे, "पाणी कवा जिरते ते पाहून राह्यली." माझी बायको शेलूबाजारची, शेतात वाढलेली. तिला समजावलं की शेती वेगळी आणि गार्डनिंग वेगळं.

४ जून
खड्ड्यात पाणी तसंच. ती म्हणाली, "चिकट माती हाय. गुलाबाच्या मुळ्या सडतीन. वाफे उंच करा, पाण्याले उतार द्या." पुढेही काही बोलली. मला फोन आला होता.

८ जून
दोन ट्रॉली रेती मिसळली. चिकट माती रेतीने मोकळी होणार, साधं लॉजिक. वर चुना. चुन्याने माती सुधारते असं पुस्तकात आहे. कोणती माती, ते पान वाचायचं राहिलं. लिलाने चुना पडायच्या आधीच एक ढेकूळ उचलून ठेवलं होतं. त्यावर लिंबू पिळलं. फेस आला. "चुना हिच्यात पह्यलेच हाय, अजून कायले टाकता?" लिंबू फुकट गेलं.

२२ जून
लॉन बसलं. चोवीस गुलाब लागले. शेजारचे जगदेवराव बघून गेले. बँकेतून रिटायर झालेला माणूस, त्यांच्या अंगणात नुसतं गवत. दया आली.

१९ जुलै
आठ दिवस झड. लॉनवर पाय ठेवला की पचपच पाणी वर येतं. गुलाबाची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. नर्सरीवाल्याला फोनवर झापलं. लिला दुपारी जगदेवरावांकडे जाते, त्यांच्या बायकोशी, तुळसाबाईंशी गप्पा मारायला. घरात माणूस टेन्शनमध्ये आहे, याचं तिला काही नाही.

१० ऑगस्ट
सोळा गुलाब गेले. एक उपटून पाहिला. मूळ काळं, घाण वास. रोपंच रोगट असणार.
जगदेवरावांकडे उंच वाफे दिसले. शेणखत, पालापाचोळा, कडेने पाणी जायला चर. शेवंती आणि कण्हेर जोरात. माझं बघूनच केलं असणार.

७ सप्टेंबर
तीन आठवडे पाऊस नाही. रेती आणि माती मिळून वीट झाली आहे. कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या आल्या.
कंपाउंडवरून पाहिलं. लिला त्यांच्या वाफ्यातली माती मुठीत दाबून दाखवत होती. जगदेवराव वही घेऊन उभे, लिहून घेत होते. तिला ताई म्हणत होते. घरी आल्यावर विचारलं, त्यांना काहून शिकवतेस? ती म्हणाली, "त्याइनं इचारलं."
जेवलो नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

५ ऑक्टोबर
समिती आली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, चौदा पानांची फाइल घेऊन तयार. अध्यक्ष राजपालने फाइल हातात धरली, उघडली नाही. अंगण दोन मिनिटांत बघून झालं. मी हवामानाबद्दल सांगितलं. चहा झाला. मग राजपाल म्हणाला, "काकू हायेत का घरी?" जगदेवरावांनी प्रमुख म्हणून लिलाचं नाव सुचवलं होतं. सगळे तयार. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि हो म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.
मी सांगितलं की मार्गदर्शन माझं राहीलच. राजपाल म्हणाला, "चहा मस्त होता काका." चहाही तिनेच केला होता.

१२ ऑक्टोबर
तिची बागेची टिपणं टाइप करून देतो म्हणालो. म्हणाली, "तुळसाबाई लिहून घेते."
ती सकाळी बागेवर जाते, दुपारी येते. नखांत माती. कधी नव्हे ती स्वतःशी गुणगुणत असते. मला बघितलं की थांबते.

२६ ऑक्टोबर
शेवटचे दोन गुलाब गेले. लॉन कधीच गेलं होतं. आज सरळ विचारलं, लिला, या अंगणाचं काय करू? लग्नाला चौतीस वर्षं झाली. असं काही तिला पहिल्यांदाच विचारलं असेल. वाटलं, खूश होईल.
तिने एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबून बघितलं आणि टाकून दिलं. मग म्हणाली, "इतके वर्सं सांगत राह्यली, तुमी आयकलं नाही. आता माह्यं मन तिकडं लागलं. इथं फरशी टाका."
आवाजात रागही नव्हता. राग असता तर समजूत काढता आली असती.

२ नोव्हेंबर
फरशीवाला आला. उतार कोणत्या बाजूला द्यायचा, त्याने विचारलं. मी म्हणालो, बाईंना विचारून सांगतो. बाई घरी नव्हत्या. तो अर्धा तास थांबला आणि गेला.