लक्ष्मीबाई नगरचा स्थितप्रज्ञ

५ मे
बदल्यांची यादी याच महिन्यात. सगळं ऑफिस हवालदिल. वरच्या मजल्यावरच्या उल्हासने शनीची अंगठी घातली. शिकलेली माणसं! आज एका मॅडमचं लेक्चर झालं: चिंता घालवायची तर अनिश्चितता स्वीकारा. यात मला नवीन काय? लेकीची, नीरजाची बारावी आहे, आत्ता दिल्ली सुटली तर पंचाईत, एवढंच. पण स्वीकारलं.

७ मे, सकाळी
निश्चय: ऑफिसची वेबसाइट दिवसातून एकदाच बघायची.

दुपारी
साइट बंद असेल तर ते बघणं मोजायचं नाही.

१२ मे
सुहासिनी वर्षाचं लोणचं घालतेय. म्हटलं, अगं, पुढच्या महिन्यात आपण कुठे असू पत्ता नाही आणि बरण्या कसल्या भरतेस? म्हणाली, असलो तर खाऊ, नसलो तर शेजारी खातील. या बाईला कशाचं गांभीर्य म्हणून नाही.

१६ मे
अॅडमिनच्या अंकुरला चहा-समोसे चारले आणि यादीत माझं नाव आहे का विचारलं. समोसे संपवून म्हणाला, देखते हैं सर. देखते हैं! अशांमुळेच देश मागे आहे. चौकशी चिंतेपोटी नव्हती, सहज.

२० मे
उल्हासला धडधडतं म्हणे. भित्रा! माझंही बीपी वाढलंय, पण ते उन्हामुळे.

२३ मे
मास्टरस्ट्रोक! तिकडे आसामात सिलचरला जायला कोणी तयार नसतं. मीच लिहून दिलं, मला चालेल. टांगती तलवारच काढून टाकली. याला म्हणतात स्वीकार. घरी अजून बोललो नाही. दुपारी मस्त झोप लागली.

२७ मे
यादी लागली. माझं नाव नाही. उल्हासचंही नाही, तो पेढे वाटतोय. अंकुर म्हणाला, तुम्हाला यंदा हलवायचं नाही असंच ठरलं होतं. मग माझी वेगळी ऑर्डर हातात दिली: सिलचर, स्वेच्छेने. वर हसून म्हणाला, बधाई हो सर. नालायक.

३० मे
सुहासिनी चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, सिलचरला जाणाऱ्यांना दिल्लीचं सरकारी क्वार्टर ठेवता येतं, आम्ही दोघी इथेच राहतो. नीरजाने हेडफोन काढलासुद्धा नाही. मला लोणच्याची छोटी बरणी भरून मिळाली. बारावी झाल्यावर दोघी येणार ना, असं विचारलं. म्हणाली, बघू.

बघू म्हणजे काय? एक नक्की तारीख सांगायला काय जातं लोकांचं?