तीन वाजून पाच मिनिटांचं शून्य

३ मार्च, मंगळवार

ड्रायव्हर चालत नाही. संध्याकाळ गेली.

बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र आता बॅटरीच्या पेटीवर आहे. वीज गेली की पेटी वीस मिनिटं यंत्र ओढते, तेवढ्यात सिलिंडर जोडायचा. आईला जोडता येतो, पण हात थरथरतात. मी ऑफिसात. म्हणून पेटीच्या मागच्या यूएसबीतून एक वायर काढून खणातल्या जुन्या छोट्या कंप्युटरला लावली. पेटीने कंप्युटरला सांगायचं, कंप्युटरने माझ्या फोनला. मधला दुभाषी म्हणजे हा ड्रायव्हर.

फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या: पेटीचं नाव, ड्रायव्हरचं नाव, पोर्ट आपोआप शोध, किती सेकंदांनी विचार. लिहिल्या. उत्तर एकच – परवानगी नाही.

बाबा पलंगावरून: "ड्रायव्हर मिळाला का? मग गाडी कधी सुटते?" दिवसातून तिसऱ्यांदा.

४ मार्च, बुधवार

चूक माझीच. यूएसबी वाचायची परवानगी ड्रायव्हरला देणारा नियम कालच लिहिला होता. पण तो नियम वायर लावतानाच लागू होतो, आणि वायर मी काढून परत लावलीच नव्हती. दोन तास फाइलीत डोळे घातले. वायर काढून लावायला दोन सेकंद.

आता पेटी बोलते. बॅटरी शंभर टक्के. लोड एकोणचाळीस टक्के, म्हणजे यंत्र खात असलेली वीज. हा आकडा बघत बसावासा वाटतो. बाबांचा श्वास असा आकड्यात दिसेल असं कधी वाटलं नव्हतं.

भिंतीतला प्लग ओढून पाहिला. फोनवर निरोप आला. आई दारात उभी, हातात ओला टॉवेल. "सांगून तरी करत जा गं. माझा जीव गेला ना."

६ मार्च, शुक्रवार

आणखी एक नियम घातला होता: लोड शून्य झाला, म्हणजे यंत्रच बंद पडलं, तरी निरोप पाठव.

आज तीन वाजून पाच मिनिटांनी मीटिंगमध्ये निरोप. लोड शून्य. वीज आहे, बॅटरी भरलेली, फक्त लोड शून्य. बाहेर येऊन घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. हळू बोलत होते. दम लागत असेल.

"यंत्र चालू आहे ना?"

"चालू आहे. तू तुझं काम कर, ठमाकाकू." मी लुडबुड केली की मला ते हेच म्हणतात.

संध्याकाळी पाहिलं. लोड एकोणचाळीस.

१० मार्च, मंगळवार

काल पुन्हा, आज पुन्हा. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, चालू आहे.

ऑफिसातल्या नेटवर्कवाल्याला विचारलं. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "स्वस्तातली पेटी ना? त्या अशाच असतात. मधूनच शून्य सांगतात. गाळून टाक."

"गाळू कसं? यंत्र खरंच बंद पडलं तर?"

"वडील फोनवर बोलतात ना? मग यंत्र बंद कसं असेल? पेटी खोटं बोलते, वडील नाही."

पटलं. शून्य आलं तर आधीचाच आकडा धर, अशी एक ओळ लिहिली.

११ मार्च

निरोप नाही. शांत.

१२ मार्च

शांत. आईसाठी टाचांना लावायचं मलम आणलं. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसतंय.

१६ मार्च, सोमवार

सहज मूळ नोंदी उघडल्या, गाळण्याच्या आधीच्या. सवय; आकडे नीट लावून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

शून्य रोज आहे. तीन पाचला सुरू, पावणेचारला संपतं. मिनिटभर इकडेतिकडे. बिघाड इतका वेळेवर येत नाही.

आणि शनिवार-रविवारी नाही. एकदाही नाही. शनिवार-रविवारी मी घरी असते.

पेटीला वार कळत नाही.

१७ मार्च, मंगळवार

अर्धी रजा टाकली. कुणाला सांगितलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी लॅचमध्ये किल्ली हळू फिरवली. घरात इतकी शांतता गेल्या पंधरा दिवसांत ऐकली नव्हती. यंत्राचा दिवा बंद.

आई तिच्या पलंगावर, शाल हनुवटीपर्यंत, डोळे मिटलेले. बाबा तिच्या उशाशी खुर्चीत. नळी गळ्यात लोंबत होती, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. दोन्ही हातांनी वर्तमानपत्र उघडून धरलं होतं – वाचायला नाही. खिडकीचं ऊन आईच्या तोंडावर येऊ नये म्हणून.

मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवायला एक हात सोडला. उन्हाची पट्टी तिच्या कपाळावर पडली. लगेच कागद परत सरळ धरला.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," कुजबुजले.

मी चिमटा पाहिला. त्र्याण्णव. मग मला राग आला. "बाबा, फोनवर तुम्ही मला चालू आहे म्हणालात."

"म्हणालो."

"खोटं?"

"रात्रभर ही त्या घरघरीकडे कान लावून पडलेली असते. बंद पडलं तर म्हणून. दुपारी तरी झोपू दे की. माझं सगळं तिनेच करायचं, आणि मी चाळीस मिनिटंही द्यायची नाहीत?"

मी यंत्र चालू केलं. नळी त्यांच्या नाकाशी लावली. त्यांनी लावू दिली, माझ्याकडे न बघता. वर्तमानपत्राची घडी घालत राहिले – चार, आठ, सोळा.

आई उठली, केस सारखे केले, "चहा टाकते" म्हणाली. काही विचारलं नाही.

रात्री गाळणारी ओळ काढून टाकली. पेटी खरं सांगत होती, आणि तिलाच मी गप्प केलं होतं.

१८ मार्च, बुधवार

डॉक्टरांना फोन. "दुपारी बसून असतील, चिमटा नव्वदच्या वर असेल, कुणाचं तरी लक्ष असेल, तर नळीशिवाय तासभर चालेल. मी घरी सोडतानाच सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तुमच्या आईंना."

आई विसरली असणार. आणि चालेल असं ते म्हणाले तरी मला चालणार नव्हतं. लक्ष कोण ठेवणार? आई तर झोपलेली.

२० मार्च, शुक्रवार

तोडगा सापडला. सात मीटरची नळी आणली. यंत्र, पेटी, छोटा कंप्युटर, सगळं पॅसेजच्या टोकाला. दार लावलं की खोलीत घरघर नाही. आई दिवसभर झोपू शकते, बाबांना नळी काढायची गरज नाही. पेटीची वायर लावली, ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बोलला.

मी स्वतःवर खूश.

२३ मार्च, सोमवार

लोड एकोणचाळीस. दिवसभर सरळ रेघ.

२५ मार्च, बुधवार

सरळ रेघ. बाबांचं मात्र बिनसलंय. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कोरंच. गाडी कधी सुटते हेही विचारत नाहीत. आज भिंतीकडे तोंड करून पडले होते. "काय होतंय?" म्हटलं तर, "काही होत नाही. मला काही करायचंच नाही, तर होणार काय?"

चिमटा शहाण्णव. आकडा इतका चांगला कधीच नव्हता.

२७ मार्च, शुक्रवार

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ते यंत्र परत आत आण."

"अगं, तुला झोप मिळावी म्हणून तर बाहेर नेलं."

"मी दुपारी कधी झोपलेय? डोळे मिटून पडते. चिमट्याचा आकडा पापण्यांच्या फटीतून दिसतो मला. नव्वदला आला असता तर उठले असते." बाबांचा सदरा तिने झटकला. "दिवसभर मी ह्यांचं करते. तेवढी चाळीस मिनिटं ह्यांना माझं काही करायला मिळायचं."

यंत्र आत आणलं. फाइल उघडली. नियम बदलला: लोड शून्य झाला तर लगेच नाही, पन्नास मिनिटं थांबून निरोप पाठव.