लिंबोणीखालची ओल

बाबांच्या घरून,
६ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बोटीवरचा फोन म्हणजे खरखर ऐकायची आणि ठेवून द्यायचा, म्हणून लिहायलाच बसले. बाबांचा घोटा आता बरा आहे. काठी टेकत जिना चढतात-उतरतात, आणि मी हात धरायला गेले की ती काठी माझ्यावरच उगारतात. तेव्हा त्या बाजूने काळजी नाही. काळजी दुसरीच आहे, आणि तिचं डोकं कुठे नि पाय कुठे, तेच मला कळेनासं झालंय.

परसातली आईची लिंबोणी आठवते ना? मी इथे आल्यापासून तिला कोणी तांब्याभर पाणी घातलेलं पाहिलं नाही, पण बुंध्याशी माती सदा ओली. मला वाटलं, जमिनीतला पाइप फुटला. प्लंबरला बोलावलं. त्याने बुंधा सोडून अर्धं परस उकरलं, पाइप ठणठणीत निघाला. तो डोकं खाजवत गेला, मी खाजवत बसले. शेवटी बाबांना विचारलं, तर चष्मा पुसता पुसता ते अगदी सहज म्हणाले, की तुझी आई घालते की पाणी.

आईला जाऊन दोन वर्षं होतील. थट्टा म्हणावी तर चेहरा सरळ. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले की या वयात असं सुरू होतं, एकटं ठेवू नका. आणि विसरतातही रे! चहात मीठ घालतात. वर आईची खोली बंद, आत चिटपाखरू नाही आणि एसी चालू. मी तो बंद केला आणि रिमोट माझ्या शिवणाच्या डब्यात तळाशी दडवून ठेवलाय.

माझं दुकान किती दिवस बंद ठेवू? गिऱ्हाइकांचे कपडे बेतून पडलेत आणि तुझे भाऊजी स्वतःच्या हातचं खाऊन वाळलेत. बाबांना कायमचं माझ्याकडे न्यावं म्हणते. ते हे घर सोडायचं नाव काढू देत नाहीत, पण तू सांगितलंस तर ऐकतील. माझं बरोबर आहे की चूक, मला खरंच सुचत नाही. 

माया आहेच, ती मागायला नको. उत्तराची तेवढी घाई कर.
तुझी ताई

बोटीवरून,
२५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र बंदरात मिळालं आणि इंजिनाच्या खोलीत उभ्या उभ्याच वाचलं. तुला ठाऊक आहे, माझं काम समुद्राचं पाणी गोडं करायचं. इंजिनाच्या उष्णतेने खारं पाणी उकळायचं, वाफ गार नळ्यांवर धरायची, थेंब गोळा करायचे; मीठ मागे राहतं. अख्खी बोट ते पिते आणि वर मलाच नावं ठेवते, की तुझ्या पाण्याला चव नाही. असा मी पाण्याचा पंडित, पण तुझ्या परसातली ओल काही मला उलगडत नाही. एखादा झरा वर आला असेल का? 

बाबांचं तर त्याहून कोडं. वर्गात जलचक्र शिकवून शिकवून त्यांनी खडूचे डबे संपवले. माझ्या आकृतीत समुद्र, सूर्य, ढग, पाऊस, बाणसुद्धा असायचे, तरी हा माणूस मार्क कापायचा, कारण झाड आणि प्राणी काढले नाहीत. पोटच्या पोराचे मार्क कापणारा मास्तर गेलेल्या बायकोला झाडाला पाणी घालायला लावतो, हे माझ्या गळी उतरत नाही.

पण डॉक्टर म्हणतात, आणि निस्तरतेस तू. मी इतक्या लांबून कोणत्या तोंडाने नाही म्हणू? ने त्यांना. बाबांसाठी चिठ्ठी सोबत ठेवली आहे. लिहिताना बरं वाटलं नाही, एवढं मात्र सांगतो.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.
तुझा धाकटा

बाबांच्या घरून,
१४ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आता ऐक नवीनच. ओल गेली! माती पार भुरभुरीत झाली. प्लंबरने पाइपला हात लावला नाही, मी कशाला हात लावला नाही, मग ती ओल आली कुठून नि गेली कुठे? मी बादल्या ओतते, त्यामुळे झाड तग धरून आहे. पण बाबा म्हणतात, ते पाणी तिचं नव्हे.

रोज संध्याकाळी ते खाली जातात, बोटाने माती चाचपतात आणि बोट धोतराला पुसून वर येतात. आईच्या दाराशी नुसते उभे राहतात. दिवसभर उश्या उलथ्या करून, फडताळ उपसून काहीतरी शोधत असतात. काय ते विचारलं की काही नाही म्हणतात. जेवण निम्म्यावर आलंय.

तुझी चिठ्ठी त्यांना दिली. मला वाटलं होतं भांडतील. वाचली, घडी घातली आणि म्हणाले, की ने मला, आता माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही. मी जिंकले, आणि मोरीत जाऊन रडले. मेच्या अखेरीस टेम्पो सांगितलाय. ट्रंका भरते आणि पुन्हा उपसते. 

तू जवळ असतास तर, असं रोज वाटतं.
तुझी ताई

बोटीवरून,
२ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

टेम्पो थांबव. आधी हे वाच.

काल यंत्र साफ करायला झाकण उघडलं. गार नळ्यांवरून पाणी ठिबकत होतं, हात ओला झाला. ताई, एसी! हवेतला दमट अंश आतल्या गार नळ्यांवर बसतो, त्याचं पाणी होतं, आणि ते बारक्या नळीने घराबाहेर पडतं. तू एसी बंद केलास आणि ओल गेली. ती नळी कुठे जाते, ते मागच्या भिंतीला शोध.

आणि बंद खोलीत तो दमटपणा कुठला? थोडा फटींतून येत असेल. पण आत कोणी बसत असेल तर त्याच्या श्वासाचा, घामाचा. आरशावर फुंकर मारून बघ, पाणी दिसेल. माझे मार्क का कापले गेले, ते मला काल कळलं.

तरी बाबा आईचं नाव का घेतात, हे कळत नाहीच. त्यांना विचार. परीक्षा घेऊ नकोस, नुसतं विचार. मी ती चिठ्ठी लिहायला नको होती.

जीव टांगणीला लागलाय, लवकर कळव.
तुझा धाकटा

घरून,
२० मे

चि. खलाशास बाबांचे अनेक आशीर्वाद.

नळी सापडली. तुझी ताई भिंतीला नाक लावून फिरत होती, तेव्हा मला वाटलं की आता हिलाच डॉक्टरकडे न्यावं. नळीचं तोंड बुंध्याशी मातीत पुरलेलं आहे, वर पाला. मीच पुरलं.

तुझ्या आईला शेवटच्या उन्हाळ्यात खाली उतरवेना. एसीच्या पाण्याची ठिबक गटारात जायची. पडल्या पडल्या ती एकदा म्हणाली, की आता माझ्याकडे श्वासच तेवढा उरलाय, तो तरी झाडाला द्या. मी नळी वळवली. रोज संध्याकाळी मी माती बघून यायचो आणि तिला सांगायचो, की ओल आहे. मग तिला झोप लागायची.

ती गेल्यावर दुपारी मी तिथे दार लावून बसू लागलो. पाणी आता माझं असेल, पण व्यवस्था तिची आहे, म्हणून नाव तिचं. ताईला मी तेच सांगितलं होतं. तुम्ही दोघांनी पुढचा प्रश्नच विचारला नाहीत.

मी विसरतो, हे खरं. म्हणूनच रिमोट दिसेना तेव्हा वाटलं, की तोही माझ्याच हातून हरवला. विचारायची लाज वाटली. तिचं एवढं एक काम होतं माझ्याकडे, तेही धड सांभाळता आलं नाही, मग घर सोडायला हो म्हणालो.

रिमोट परत मिळाला. टेम्पो रद्द केला. ताईने शिवणयंत्र आईच्या खोलीत मांडलंय, गिऱ्हाइकं इथे येतात आणि तुझे भाऊजी सुट्टीला. आता दोघांचा श्वास; ठिबक वाढली आहे. तू आलास की त्याच खोलीत झोप. मार्क पुरे देईन.

चिठ्ठीबद्दल माफी मागत बसू नकोस. ये.
बाबा

ता. क. बाबांचं पत्र पाकिटात घालताना मी ताई लिहिते. लिहून झाल्यावर ते खाली गेले, माती चाचपली, आणि हसत मला म्हणाले की वर जा आणि आईला सांग, ओल आहे म्हणून. ते वाट बघत होते. मग मी वर गेले, दार लोटलं आणि सांगितलं.