आईच्या घड्याळातलं चाक

आबा, आज पुन्हा आईचं घड्याळ उघडून बसले आहे आणि तुमचा राग आला आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, दुकान आता मी चालवते, पण राग काही गेला नाही. महाडच्या बाजारातलं हेच टेबल. तुमच्या डोळ्याला भिंग आणि समोर पोलादपूरचे खोत. कशेडीच्या घाटात एसटीतून उतरताना त्यांच्या कोटाच्या खिशातलं जुनं घड्याळ दगडावर पडलं, आत झुलणाऱ्या चाकाचा आस मोडला. खोती कायद्याने गेली होती, तुमची कंबर मात्र अजून वाकलेलीच.

तसं चाक मुंबईतही मिळेना. तुम्ही मला हाक मारलीत, "बाय गो, तुझी नजर बारीक हाय. डायलवरच्या नावाला भुलू नको, तिथं दुकानदार आपलं नाव छापतात. डायल काढ नि खालच्या पत्र्यावरची कारखान्याची खूण बघ." मी शिकले. आधी खूण जुळायला हवी, मग पत्र्याचं माप, मग आसाची लांबी. केसाएवढा फरक असला तरी ते चाक त्या घड्याळाचं नव्हे. खणातली बंद घड्याळं सगळी उघडली, एकही जुळेना. मग तुम्ही घरातून आईचं घड्याळ आणलंत, तिच्या वडिलांनी बोटीवर नोकरीला असताना घेतलेलं. आई गेल्यापासून रोज सकाळी चुलीपाशी बसून त्याला चावी मी देत होते. ते चालू होतं, आबा! मला वाटलं, नुसतं ताडून बघायचंय. खूण जुळली तशी मी आनंदाने ओरडले, "हेच, आबा, हेच!"

तुम्ही चिमट्याने चाक उचललंत. मला विचारलंसुद्धा नाहीत. मी रडायला लागले तर म्हणालात, "रडतेस काय? खोतांना लग्नाला जायाचं हाय. आपल्याला वेळ बघून कुठं जायाचं हाय?" खोत खूश झाले, तुम्ही त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेलात. घरात आईची एवढी एकच वस्तू आवाज करत होती, ती तुम्ही बंद केलीत, तीही माझ्या नजरेने शोधून. शेवटच्या आजारात "दुसरं चाक मिळंल गो" म्हणालात, तेव्हा मी तोंड फिरवलं. आजही फिरवीन.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, घड्याळाच्या डबीतच घडी करून ठेवीन. पण एक सांगते. चाक मिळालंय, मागच्या उन्हाळ्यात, भंगारात आलेल्या एका घड्याळात. खूण, माप, आस, सगळं जुळतं. आत्ता समोरच आहे. बसवायला हात होत नाही. घड्याळ चालू झालं, तर तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काय उरेल?