पंखा कोणता बसवू

११ मार्च, बुधवार

अण्णा, फार वर्षांनी लिहिते आहे, त्याबद्दल माफ करा. तुम्ही गेलात त्या वर्षी रोजनिशीत तुम्हाला उद्देशून दोन-चारदा लिहिलं होतं, पण दर वेळी आईच्या गुडघ्यांवर आणि हवापाण्यावर येऊन थांबले. पुढे तेही सुटलं. सतरा वर्षं झाली. आज लिहायचं कारण तसं साधं आहे. आपल्या गाडीच्या इंजिनाला कोणता पंखा बसवायचा हे मला ठरवता येत नाही, आणि आपल्या गावच्या, वाशीच्या मिस्त्रीला उद्या उत्तर द्यायचं आहे.

हो, गाडी चालू होते आहे. तुमच्यामागे ती घराशेजारी चिंचेखालीच उभी होती. चाकं जमिनीत रुतली होती, टपावर पालापाचोळा साठून त्यात गवत उगवलं होतं. आतलं मात्र बरंचसं तसंच आहे. झोपायच्या दोन फळ्या, मागच्या बाजूला विजेच्या मोटारींना तार भरायचं तुमचं यंत्र, आणि दाराजवळ आईचं स्वयंपाकघर, म्हणजे एक स्टोव्ह आणि सायकलच्या ट्यूबने बांधलेले डबे. मिस्त्रीने दार उघडलं तेव्हा तुम्ही भरलेल्या मोटारींना लावायचात त्या व्हार्निशचा वास आला. इतक्या वर्षांनी येणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी आला. आईलाही आला का, हे मी विचारलं नाही.

लिलावात घेतलेल्या त्या जुन्या मिनीबसचं तुम्ही घर केलंत, आणि रब्बीच्या दिवसांत गावोगावच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरत आपण त्या घरातून फिरलो. चैत्रात सोनारीची जत्रा. तिथे पिठाच्या गिरणीपासून पाळणेवाल्यांच्या मोटारीपर्यंत सगळं तुमच्याकडे यायचं. संक्रांतीला मी वाशीला गेले होते तेव्हा आईनेच विषय काढला. म्हणाली, "यंदा सोनारीला जायचंय." मी म्हटलं, "जाऊ की, गाडी करू एखादी." ती म्हणाली, "करायची कशाला? हाय की आपली." तिचे गुडघे आता एसटीची पायरी चढत नाहीत. आपल्या गाडीत आडवं होता येतं, वाटेत चहा करता येतो. ही कारणं खरी आहेत. पण सोनारीहून आपण शेवटचं परतलो ते गाडी तिथेच ठेवून, कुणाच्या तरी जीपमधून, तुमचा हात टॉवेलात गुंडाळून. पुढे दुसऱ्या कुणीतरी ती वाशीला आणून उभी केली. त्यानंतर तुम्ही ती सोनारीला कधी नेली नाहीत. आईला तो प्रवास पुरा करायचा आहे. तिने तसं म्हटलेलं नाही, हा माझा अंदाज आहे.

परवाच्या रविवारी मिस्त्रीने गोणपाटावर तीन पंखे मांडले होते. आई खुर्ची टाकून समोर बसलेली. मिस्त्री चाळिशीच्या आतबाहेरचा, तुमच्या उमेदीच्या काळात शाळेत असावा, पण तुमचं नाव निघालं की कानाला हात लावतो. म्हणाला, "ताई, ह्यो तुमच्या अण्णांचा, लोखंडाचा. ह्याला मरण न्हाय. पट्ट्यावर फिरतो, इंजिन पळंल तसा पळतो. पर जत्रंत गाडी मुंगीवाणी चालती, इंजिन हळू, मग ह्यो बी हळू. चैताचं ऊन. पाणी उकळायचं भ्या हाय." दुसरा प्लॅस्टिकचा. तो हलका आणि आवाज कमी, पण इतकं जुनं इंजिन थरथरतं, पातं तडकेल असं त्यालाच वाटत होतं. तिसरा विजेचा. तो रेडिएटरला चिकटून बसतो, पाणी तापलं की आपोआप सुरू होतो, निवलं की थांबतो. इंजिन हळू असो की जोरात, त्याला फरक पडत नाही. फक्त त्याच्यासाठी बॅटरी मोठी लागेल आणि वीज तयार करायचं जुनं यंत्र बदलावं लागेल.

आईने तो बघून विचारलं, "ह्यो काय, टेबलफॅन हाय का?"

"टेबलफॅनचा भाऊच हाय काकू, जरा शिकलेला."

"शिकलेला म्हंजी हिच्यावाणी," आई माझ्याकडे हात करून म्हणाली. "कुणी न सांगता सुरू व्हणारा."

मिस्त्री हसला. मीही हसले. आईने ते सहज म्हटलं असेल. ती मला अशीच बोलते, लहानपणापासून. पण त्या रविवारपासून मी ते वाक्य उलटसुलट करून बघते आहे.

धाराशिवला परत आल्यावर मी वहीत दोन बाजू केल्या. विजेच्या पंख्याच्या बाजूने सहा मुद्दे निघाले, लोखंडी पंख्याच्या बाजूने दोन. ग्रंथालयात काम करून मला ही सवयच लागली आहे, कुठलीही गोष्ट आधी कागदावर लावून बघायची. सगळे मुद्दे बरोबर होते. तरी वही मिटताना वाटलं, निकाल आधी लागला होता आणि मुद्दे मागाहून गोळा केले. मला तो लोखंडी पंखा त्या इंजिनावर फिरताना बघायचा नाही. सातवा मुद्दा हा होता आणि तो मी लिहिला नव्हता.

मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गातल्या मुलींना मी सांगितलं होतं की आमच्या वडलांचा मोटारींचा कारखाना आहे. खोटं म्हणावं तर तसं नव्हतं, तुम्ही मोटारीच तर भरत होतात. जत्रेचा शेवटचा दिवस, सकाळची वेळ. आई मागे भांडी घासते आहे. तुम्ही बॉनेट उचलून पंख्याचा पट्टा ताणताय, आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर किल्लीला हात लावून बसले आहे. बॉनेट वर असल्यामुळे तुम्ही मला दिसत नाही. आपला नियम ठरलेला. तुम्ही पत्र्यावर एक ठोका दिला की किल्ली फिरवायची, दोन दिले की बंद करायची. ठोका पडल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही, हे तुम्ही मला अकराव्या वर्षी शिकवलं होतंत, आणि एकदा ठोक्याआधी हात किल्लीवर दिसला म्हणून दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात. तेवढीच तुमची रागवायची रीत.

देवळाकडून माझ्या वर्गातल्या तिघी येताना दिसल्या. कपाळाला गुलाल, हातात प्रसाद. आईच्या साडीचा ओचा वर खोचलेला, पुढे राखेने माखलेली भांडी, दोरीवर तुमचा बनियन वाळत घातलेला. मला गाडी हलायला हवी होती. निदान बॉनेट तरी खाली यायला हवं होतं.

आपला पंखा सुरू होताना कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. त्या दिवशी तो आवाज मधेच अडला.

परंड्याच्या दवाखान्यात तुम्ही आईला सांगितलंत, "पाना हातातून सुटला, बंपरावर पडला. तिला वाटलं ठोका दिला. तिची काय चूक त्यात." उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, आणि तुम्ही पहिलं वाक्य हे बोललात. मग तेच सगळीकडे झालं. पाना पडला, पोरीला ठोका वाटला. शेजारीपाजारी, पाहुणे, सगळे हेच सांगायचे, आणि सांगताना माझ्या पाठीवरून हात फिरवायचे.

त्या संध्याकाळी जत्रेत गाडीजवळ परत जाऊन आवराआवर मीच केली. पान्यांची ती खाकी गुंडाळी इंजिनाच्या कडेला पसरलेली होती. एकेका पान्याला एकेक कप्पा. बारा-तेराचा पाना, त्या पट्ट्याच्या बोल्टचा, आपल्या कप्प्यात होता. सगळे कप्पे भरलेले होते. तुमची रीतच ती होती, आधी पाना जागेवर, मग पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा, मग ठोका. तुमच्या हातात पडण्यासारखं काहीच नव्हतं.

मी तो पाना काढला आणि कॉलेजच्या पिशवीत, वह्यांच्या मधे घातला. का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ते उघडं पडू नये म्हणून, असं मी बरीच वर्षं धरून चालले. अलीकडे वाटतं, पाना खरंच पडून हरवला असं मलाच मानता यावं म्हणून. दोन्ही असेल.

पुढची दहा वर्षं तुम्ही उरलेल्या बोटांनी कामं केलीत. लोखंडाच्या खाचांत तार बसवायला बोटांची टोकं लागतात. सुटीत मी आले की तुम्ही म्हणायचात, "माय, एवढी खाच तेवढी बसव." मी बसवायचे. तुम्ही माझ्या हाताकडे बघायचात, स्वतःच्या नाही. बोटं गेली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तुम्ही जाड तार वाकवून त्या पंख्याभोवती पिंजरा केलात. परवा मिस्त्री तो हातात फिरवून बघत होता. "ही जाळी कंपनीची न्हाय. हातानं केलेली हाय. कुणाचं काम?" आई म्हणाली, "ह्यांचंच. डावा हात आन् उजव्याची तीन बोटं. महिना लागला."

गुंडाळीतला तो कप्पा रिकामाच राहिला. पट्टा ताणायची वेळ आली की तुम्ही कमी-जास्त होणारा मोठा पाना वापरायचात. तो त्या जागेत नीट बसत नसे, बोल्टाच्या कडा घासायच्या. पाना-पक्कड नीट असल्याशिवाय कामाला हात न लावणारे तुम्ही. मी एकदा धीर करून विचारलं, "अण्णा, ह्यातला एक पाना कमी आहे. नवा आणू का?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "नको. असंल तिथं असू दे."

हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे, अण्णा. ग्रंथालयात पुस्तक जागेवर लावताना ऐकलं आहे. पत्र्यावर काही आपटलं, रस्त्यात कुणी गाडीच्या टपावर थाप मारली, की माझा उजवा हात आपोआप मुठीत मिटतो. सत्तावीस वर्षं मी एक ठोका ऐकते आहे जो कधी पडलाच नाही.

रविवारी दुपारी मिस्त्रीने विजेचा पंखा तात्पुरता बसवून दाखवला. पंखा हवा आत ओढतो की बाहेर फेकतो हे बघायला त्याने जुन्या कॅलेंडरचं पान रेडिएटरच्या जाळीसमोर धरलं. इंजिन तापलं, पंखा सुरू झाला, पान जाळीला चिकटलं. बरोबर बसला होता. मग त्याने इंजिन बंद केलं, पंखाही थांबला, पान खाली पडलं ते त्याने उचलून जाळीला टेकवलं, आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली. आम्ही चहा घेत होतो. पाच मिनिटं झाली असतील. किल्ली माझ्या मुठीत, गाडीत कुणी नाही, आणि पंखा फिरायला लागला. जाळीवर टेकवून ठेवलेलं ते पान पुन्हा सरळ होऊन चिकटलं. माझ्या हातातला चहा सांडला. मिस्त्री म्हणाला, "भ्यायचं काम न्हाय ताई. बंद केल्यावर आतलं पाणी आनखी तापतं, म्हनून आपला आपण लागतो. कुणी चालू केला न्हाय त्यो."

कुणी चालू केला नाही. मला नेमकं तेच हवं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. असा पंखा, जो फिरला तर त्याला कुणी जबाबदार नाही.

मग मिस्त्रीने तुमच्या पान्यांची गुंडाळी मागितली. त्याच्याकडे स्वतःचे पाने आहेत, पण म्हणाला, पंखा कुठलाही ठरू दे, बसवायचा तो अण्णांच्याच पान्यांनी. गुंडाळी उलगडून त्याने बोट ठेवलं. "बारा-तेरा न्हाय ह्यात. नेमका त्योच लागंल."

"त्यो सोनारीला पडला," आई म्हणाली. "तवापास्नं न्हाय." आणि ती माझ्याकडे न बघता पदराने कप पुसत राहिली. कप कोरडाच होता.

आज दुपारी मिस्त्रीला फोन करून विचारलं, रेडिएटरभोवती पत्र्याचं कडं केलं तर लोखंडी पंखा हळू इंजिनावरही पुरेशी हवा ओढेल का. म्हणाला, "वढंल की. सकाळच्या पारी निघा, गर्दीच्या अगुदर पोचा, मंग काय बी व्हत न्हाय." म्हणजे हेही शक्य होतं. मी आधी विचारलंच नव्हतं. तर लोखंडीच, तुमच्या जाळीसकट. तो किल्लीशिवाय फिरत नाही, आणि किल्ली कुणाच्या तरी हातात असावी लागते. मिस्त्रीला उद्या हेच सांगेन. उद्या अर्धी रजा टाकली आहे.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, त्यामुळे शेवटचं लिहायला हरकत नाही, असं मनात आलं. मग वाटलं, इथेही मी सोपी जागा शोधते आहे. तरी लिहिते. ठोका पडला नव्हता, अण्णा. तुम्ही शेवटच्या आजारात एकदा माझा हात धरून बराच वेळ गप्प होतात, तेव्हा मला बोलता आलं असतं. मी तुम्हाला पाणी हवंय का विचारलं.

पाना कपाटात, खालच्या खणात, बी.एस्सी.च्या वह्यांमागे आहे. आत्ताच उठून बघितला. गंजलेला नाही, मीच मधूनमधून तेलाचं फडकं फिरवत आले.

उद्या: बारा-तेराचा पाना वाशीला नेणे, आणि मिस्त्रीच्या नाही, आईच्या हातात देणे.