साठ किलोचा नाल

वस्ताद, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी भांडावं असं आज पहिल्यांदाच वाटतंय.

मी आता अमरावतीत जिमला जातो. हसू नका. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं आणि मग गोडीच लागली. तिथली ट्रेनर माझ्या लेकीच्या वयाची. मी किती वजन उचललं ते दर वेळी मोबाइलमध्ये टाकते आणि आकडा वाढला की माझ्यापेक्षा तीच खूश होते. परवा परतवाड्याहून निरोप आला, आपली तालीम पाडतायत, दगडी नाल कुणाला हवा का. मी जीप करून गेलो आणि मधोमध मूठ कोरलेला तो गोल दगड घेऊन आलो. आज जिममध्ये नेला. हा साठ किलोचा, ऐन विशीत मी खांद्यावर घ्यायचो, असं सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं. ट्रेनर पोरीने तो वजनकाट्यावर ठेवायला लावला.

"काका, काटा तं बावन्नच दावून राह्यला."

काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः वर उभा राहिलो. माझं वजन बरोबर. मग नालाच्या भोकात हात घातला. मूठ आमच्या हातांनी गुळगुळीत झालेली, पण तिच्यामागे बोटांना छिन्नीचे घाव लागले. कुणीतरी आतून दगड कोरून काढला होता. मी तिथेच खाली बसलो.

ते साल मला आठवतं. कापसाने घरोघरी माती केली होती. आमची म्हैस विकली, तालमीनंतरचं दूध बंद झालं. उन्हाळ्यात नाल माझ्या कमरेच्या वर जाईना. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, एक अंगच तेवढं माझं म्हणून उरलं होतं आणि तेही साथ सोडत होतं. तालीम सोडतो म्हणालो, तर तुम्ही माझा लंगोट माझ्याच तोंडावर फेकलात. नागपंचमीला गावासमोर नाल उचलायची आपली रीत. त्याआधी गेरू लावायला म्हणून तुम्ही तो घरी नेलात. एरवी आम्ही तो आखाड्यातच रंगवायचो. परत आणलात तेव्हा तुमचे तळहात फोडांनी भरलेले. विचारलं, तर म्हणालात शेतातल्या निंदणाचे आहेत. नागपंचमीला डफडं वाजतंय, नाल माझ्या खांद्यावर येतो आणि तुम्ही कानाशी वाकता.

"पाह्य, तुयातलं काईच कमी नाई झालं."

त्या एका वाक्यावर मी पोलीस भरतीला गेलो, अकोल्यात नोकरी काढली, संसार केला. आणि ते खोटं होतं? मला संताप येतोय, वस्ताद, आणि तुमचे ते हातही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

जिममध्ये पोरगी मोबाइल धरून उभी होती, नालाचं वजन किती लिहू म्हणून. मी म्हटलं, साठ लिही. तिने लिहिलं.

हे कागद कुठे पाठवणार, घडी करून नालाच्या भोकातच ठेवतो. फक्त तुम्हाला सांगतो, घरी आल्यावर दार लावून मी तो उचलून पाहिला. गुडघ्याच्या वर आला नाही. आणि तुम्ही असता, तर मीच पुन्हा गेरू लावायला घेऊन जा म्हटलं असतं.