पडद्याला जोडलेले हात

सर,

गेल्या गुरुवारी सकाळी देवपूजा आटोपली आणि केळीच्या बागेत जायचं सोडून मी ओट्यावर बसलो. मोबाइलवर तो सिनेमा लावला. मुलीने शोधून दिला. तिला एवढंच सांगितलं होतं की जुना आहे, काळा-पांढरा, इंग्रजी, आणि आकाशातून एक गोल यान गव्हाच्या शेतात उतरतं. पाच मिनिटांत सापडला. पस्तीस वर्षं मी ज्याला टाळत आलो, तो माझ्याच खिशात बसून होता. चहा निवून गेला. बायको दोनदा डोकावली, मग म्हणाली, देवापुढे बसता तेव्हा तर इतके डोळे उघडे नसतात तुमचे. यानाला बांधलेली तार आता स्पष्ट दिसते, तरी ते खाली येऊ लागलं तसा अंगावर काटा आला. आणि सर, तेव्हा सिनेमा चालू असताना तुम्ही आमच्या बोलीत जे सांगत होतात, तसं त्यात कोणी बोलतच नाही. दार उघडतं तेव्हा तो शेतकरी "पाव्हने, आधी पाणी तरी प्या" असं म्हणत नाही. तो नुसता ओरडून पळतो. ते सगळं तुमचं होतं, हे कळल्यावर मी एकटाच हसलो, आणि मग हसू थांबलं.

आमच्या गावात, यावल तालुक्यात, मोठी जागा म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप. जिल्ह्यावरून तुम्ही प्रोजेक्टर आणलात, आणि भर दुपारी अंधार हवा म्हणून घरोघर गोधड्या मागितल्यात. सगळ्या बाजू गोधड्यांनी झाकल्या. पडदा म्हणून शाळेतल्या बाईंची पांढरी चादर, आणि ती बांधायला दोन खांब कुठे सापडावेत, तर नेमके गाभाऱ्यासमोर. मी नववीत होतो, पुढच्या ओळीत. यान ढगांतून निघतं, गव्हाची ओंबी न् ओंबी हलू लागते, आणि माझे हात आपोआप जुळतात. भीती नव्हती. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलंच नव्हतं, आणि सुंदर दिसलं की हात जोडायचे एवढंच मला घरात शिकवलेलं. शेजारच्याने माझ्याकडे बघून जोडले, मागच्या बायांनी जोडले, एका म्हातारीने तर पदर पसरला. तुम्ही प्रोजेक्टरशी होतात. तुम्ही पाहिलंसुद्धा नसेल.

दुसऱ्या दिवशी देवस्थानचे अध्यक्ष आबा शाळेत आले. देवाच्या तोंडासमोर विलायती चित्र लावून मास्तरने पोरांकडून त्याला नमस्कार करवला, अशी बोंब गावभर झाली होती. सोबत माझे वडील होते, भजनात मृदंग वाजवणारे, मान खाली घालून उभे. आबांनी मला पुढे ओढलं.

"कोनं सांगितलं रे तुले हात जोडाले?"

मी वडिलांकडे पाहिलं.

"सरनं," मी म्हणालो.

तुम्ही खडू पेटीत ठेवलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. "हो," म्हणालात, "मीच सांगितलं होतं."

प्रोजेक्टर परत गेला. जूनमध्ये तुमची बदली झाली, पार साक्रीकडे. त्यानंतर कोणी सिनेमाचा विषय काढला की मी म्हणत आलो, मला असलं काही आवडत नाही. रोज मारुतीसमोर उभा राहतो, स्तोत्र म्हणतो, आणि ते दोन खांब दिसले की शब्द चुकतो. निवृत्तीनंतर तुम्ही जळगावात मेहरूणला राहायला आलात, हे मला ठाऊक होतं. कामासाठी तिथे माझी नेहमीच ये-जा. एकदा तलावाच्या कडेने तुम्ही काठी टेकत येताना दिसलात आणि मी मोटारसायकल वळवली. तुम्ही रागावाल अशी भीती नव्हती. तुम्ही पाठीवर हात ठेवाल याची खात्री होती, आणि तेच मला सोसलं नसतं. मग तुम्ही गेल्याचं कळलं. दहाव्यालाही आलो नाही.

परवा शनिवारी आरतीनंतर आबांकडे गेलो. नव्वदीला आलेत, सभामंडपात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असतात. मी त्यांच्या कानाशी वाकलो. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ओरडलो, "आबा, त्या दिशी हात मी आपल्या मनानं जोडले व्हते. सरनं सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो." प्रसाद घेणारे हात थांबले.

"मंग मास्तर काबरं हो म्हने?"



हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. गावात आता म्हणतात, चारचौघांत कबूल केलं, मोठी हिंमत केली. तुम्हाला तेवढं खरं सांगतो. मी आबांच्या एकट्याच्या कानात सांगून मोकळा होणार होतो.